शुश्रूषेची विद्या व तिची परीक्षा

गतवर्षी दसरा उलटून आठ-दहा दिवस झाले असतील. गेवराई तालुक्यातील उमापूर व आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्या दिवसांत निघण्याची एकच घाई असते. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे बिऱ्हाड बांधून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि मागे राहतात ती म्हातारी माणसे व शाळकरी मुले. अशा एका सकाळी ऊसतोडीस निघालेले एक गृहस्थ आम्हांस भेटावयास आले. त्यांची कन्या बारावीची परीक्षा विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली होती. ते म्हणाले, “पोरगी नर्स व्हायचं म्हणती. एक माणूस गाठ पडलाय. म्हणतो, साठ हजार भरा, ॲडमिशन माझ्याकडं लागलं. परीक्षेचं बी मीच बघतो. उचलीतनं देऊन टाकू का?”

कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, हे या भागातील वाचकांस सांगणे नको. त्या कोयत्याच्या उचलीतून साठ हजार रुपये बाजूला काढावयाचे म्हणजे उरलेले वर्ष कसे काढावयाचे, हा प्रश्न त्या घरापुढे उभा राहणार होता. आम्ही त्यांस एवढेच म्हणालो की, पैसे देऊ नका. कारणे सांगू लागलो तोच बाहेर ट्रॅक्टरचा भोंगा वाजला आणि ते उठले. दाराशी थांबलेल्या मुलीने मात्र जाता जाता विचारले, “अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर असतात म्हणे, त्या औषधसुद्धा लिहून देतात. आपल्याकडं तसं होता येतं का?”

बापाचा प्रश्न पैशाचा होता व मुलीचा विद्येचा; परंतु दोहोंचे उत्तर एकच आहे, आणि ते त्या सकाळी सांगून झाले नाही. आमच्या शाळेत दहावी-बारावीत बसलेल्या पुष्कळ मुलींच्या व काही मुलांच्याही मनात हाच विचार असतो, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहो.

प्रथम मुलीच्या प्रश्नाकडे वळू. सन १९६५ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात लोरेट्टा फोर्ड या परिचारिकेने व हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून एक नवा शिक्षणक्रम सुरू केला. दूरदूरच्या वस्त्यांत मुलांसाठी डॉक्टर मिळत नसत, परिचारिका मात्र तेथे पोहोचलेल्या असत. तेव्हा त्याच परिचारिकेस अधिक शिकवावे, रोग्याची अंगतपासणी करावयास, निदानाचा तर्क बांधावयास व ठरलेल्या मर्यादेत उपचार करावयास तयार करावे, असा त्यांचा विचार होता. हीच नर्स प्रॅक्टिशनर. ती डॉक्टरची हस्तक नव्हे, तशी डॉक्टरही नव्हे. शुश्रूषेच्याच विद्येत ती एक पायरी वर गेलेली असते. आरंभी त्या कल्पनेस डॉक्टरांचा विरोध झाला तसाच काही परिचारिकांचाही झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फोर्डबाई सन २०२५ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी निवर्तल्या, तोपर्यंत त्यांनी लावलेल्या रोपट्याचा वटवृक्ष झालेला त्यांस पाहावयास मिळाला.

ही कल्पना परदेशातून आली म्हणून आपल्यास अगदीच परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. सन १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले असता सावित्रीबाई फुले रोग्यांस स्वतः उचलून आपल्या पुत्राच्या दवाखान्यात नेत होत्या, आणि त्यातच रोग लागून १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्याच साली मिरज येथे डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. शुश्रूषा शिकण्यास घराबाहेर पडणारी स्त्री म्हणजे काहीतरी आक्रीत, असे मानण्याचे ते दिवस होते. पुढे सन १९०९ मध्ये निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाने व रमाबाई रानडे यांनी या शिक्षणास घरंदाज कुटुंबांत प्रतिष्ठा मिळवून दिली.

आमच्या बीड जिल्ह्यापुरते पाहावयाचे तर याहून जवळचे उदाहरण आहे. पाटोदा-आष्टीच्या सरहद्दीस लागून असलेल्या जामखेड येथे सन १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने कामास आरंभ केला. त्यांनी खेड्याखेड्यांतून बहुधा निरक्षर, पुष्कळदा विधवा किंवा टाकलेल्या अशा स्त्रिया निवडल्या आणि त्यांस बाळंतपण, जुलाब, कुपोषण, रक्तदाब यांविषयी आठवड्यामागून आठवडा शिकविले. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्या हाती गाव आपली लेकरे देऊ लागले. शिकविण्याची पद्धत खरी असेल, तर डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातूनही योग्य निर्णय होऊ शकतो, हे तेथे जगाने पाहिले. हल्ली ज्यास प्रगत शुश्रूषा म्हणतात तिचे तत्त्व याहून निराळे नाही. फरक आहे तो शिक्षणाच्या लांबीचा व परीक्षेच्या कसोटीचा.

आता शिडीच्या पायऱ्या पाहू. येथेच पालकांची फसगत होते, म्हणून थोडे सावकाश वाचावे अशी विनंती आहे.

सर्वांत खालची पायरी एएनएमची, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेची. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून बारावी उत्तीर्ण मुलीस तो घेता येतो. दुसरी जीएनएमची. ही तीन वर्षांची असते, व तीस बारावीत इंग्रजी हा विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. विज्ञान शाखा असेल तर उत्तम, नसेल तरी दार बंद नसते. तिसरी बी.एस्सी. नर्सिंगची, चार वर्षांची. हीस मात्र पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेऊन बारावी होणे अवश्य आहे, आणि खुल्या वर्गास ४५ टक्के गुण लागतात. वयाची सतरा वर्षे पुरी व्हावी लागतात. दहावीच्या मुलींनो, अकरावीत शाखा निवडताना ही गोष्ट विसरू नका. कला शाखेकडे जाऊन मागाहून हळहळणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत.

शिक्षण संपून परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी म्हणजेच परवाना. तीवाचून रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करणे बेकायदा आहे. या नोंदणीचाही एक इतिहास आहे. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा सन १९३५ मध्ये झाला, परंतु बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो आम्हांस लागू नव्हता. देश स्वतंत्र झाला त्याच साली, सन १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि सन १९६६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र यांची निरनिराळी वहिवाट एका सूत्रात आणली. सन २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या कायद्याच्या जागी यावा म्हणून राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा संमत केला आहे.

इतके झाल्यावर, म्हणजे पदवी, नोंदणी व काही अनुभव पदरी पडल्यावर, नर्स प्रॅक्टिशनरची पायरी येते. आपल्या देशात तिच्या दोन वाटा आहेत. एक अतिदक्षता शुश्रूषेची. भारतीय परिचर्या परिषदेने तिचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सिद्ध केला असून त्यात प्रवेशासाठी बी.एस्सी. नर्सिंग व किमान एक वर्षाचा रुग्णालयातील अनुभव लागतो. रोगांची प्रक्रिया, औषधांचा गुणधर्म व शरीराची सूक्ष्म तपासणी हे त्यातील तीन मोठे विषय. वर्गात बसण्याचा काळ थोडा आणि रुग्णशय्येशेजारी उभे राहण्याचा काळ पुष्कळ, असे त्याचे स्वरूप आहे. दुसरी वाट प्रसूतिशुश्रूषेची. सन २०१८ मध्ये केंद्र शासनाने प्रसाविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांप्रमाणे नोंदणीकृत परिचारिकेस अठरा महिन्यांचे जादा शिक्षण देऊन अडचणविरहित बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडण्यास तयार करावयाचे आहे.

पण अमेरिकेतील परिचारिकेप्रमाणे आपल्याकडील नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्र दवाखाना थाटून चिठ्ठ्या लिहू शकत नाही. ती ज्या रुग्णालयात काम करते तेथील लेखी, आगाऊ ठरवून दिलेल्या आदेशांच्या चौकटीत औषध देते. त्या मुलीस हे उत्तर ऐकून थोडा विरस वाटेल. परंतु तीच चौकट नीट वापरली तर किती मोठी आहे, हे उपकेंद्रावर पाहावे. सन २०१८ नंतर खेड्यांतील उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर आहेत, तशा सहा महिन्यांचे जादा शिक्षण घेतलेल्या परिचारिकाही आहेत. मधुमेह व रक्तदाब शोधणे, ठरलेली औषधे चालू ठेवणे आणि कोणास पुढे धाडावयाचे ते ओळखणे हे त्यांचे काम. नर्स प्रॅक्टिशनर या नावाची पाटी तेथे नसली तरी तिच्या कामाचा बराच भाग तेथे चालतो.

अशा शिकलेल्या डोळ्याची आमच्या जिल्ह्यास किती गरज आहे, हे येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांपैकी हजारोंची गर्भाशये ऐन तारुण्यात काढली गेल्याचे उघडकीस येऊन सन २०१९ मध्ये राज्य शासनाने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारींपैकी पुष्कळ साध्या जंतुसंसर्गाच्या असतात व औषधाने बऱ्या होतात. त्या वेळी गावात तपासून, समजावून सांगणारी एखादी विश्वासाची बाई असती, तर त्यांतील किती जणी शस्त्रक्रियेपर्यंत गेल्या असत्या? आमच्या मते फार थोड्या.

आता शिक्षण कसे असते ते सांगतो. आम्ही स्वतः या वाटेने गेलो आहोत, म्हणून ऐकीव काही लिहीत नाही. पहिल्या वर्षी मुलीस वाटते की, आपण डॉक्टरकी शिकावयास आलो आणि येथे तर बिछान्याची चादर कशी घालावी हेच शिकवितात. चादरीस सुरकुती राहिली तर अंथरुणास खिळलेल्या रोग्याच्या पाठीस जखम होते, हे तिला प्रत्यक्ष जखम पाहिल्यावर कळते. श्वास मोजावयाचा तो पुरा एक मिनिट, आणि रोग्यास न कळू देता, कारण कोणी मोजीत आहे असे कळताच माणसाचा श्वास बदलतो. नाडीवर बोट ठेवल्याचे दाखवून नजर छातीवर ठेवावयाची, ही युक्ती आम्हांस एका वृद्ध परिचारिकेने शिकविली. रात्रपाळी लागते. पहिला मृत्यू पाहावा लागतो. त्या रात्री वसतिगृहात कोणी जेवत नाही.

गणिताचा कंटाळा असणाऱ्या मुलांनी पुढील दोन उदाहरणे अवश्य वाचावी. एक लिटर सलाइन आठ तासांत द्यावयाचे आहे, व नळीतून वीस थेंब पडले म्हणजे एक मिलिलिटर होतो. तर मिनिटास किती थेंब पडू द्यावे? आठ तासांची मिनिटे ४८०, एकंदर थेंब २०,०००. भागाकार ४१ पूर्णांक दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ४२. दुसरे असे की, दहा किलो वजनाच्या तापलेल्या मुलास पॅरासिटामॉल दर किलोस १५ मिलिग्रॅम या हिशेबाने द्यावयाचे. म्हणजे १५० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असे छापले असेल तर मात्रा ६ मिलिलिटर. पण त्याच औषधाची ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशीही बाटली मिळते. बाटली न वाचता हात सरावाने ६ मिलिलिटर भरील, तर लेकराच्या पोटात दुप्पट औषध जाईल. शाळेतील त्रैराशिक ते हेच. वर्गात चुकले तर गुण जातो, तेथे चुकले तर काय जाते हे निराळे सांगावयास नको.

औषधांचे व आजारांचे ज्ञान जसजसे वाढते तसतसे बारकाव्यांचे महत्त्व कळू लागते. सर्पदंशाचे उदाहरण घ्या, कारण आमच्या शेतांत फुरसे व घोणस यांची वाण नाही. या सापांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्याची परीक्षा अगदी सोपी आहे. रोग्याचे दोन मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यावयाचे, वीस मिनिटे नळीस हात लावावयाचा नाही, आणि मग ती एकदाच तिरपी करावयाची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे, प्रतिविष द्यावयास हवे. एवढ्यात चुका किती होतात! कोणी प्लॅस्टिकची नळी घेतो, कोणी साबणाने धुतलेली. या दोहींत चांगले रक्तही नीट गोठत नाही. कोणी दर दोन मिनिटांनी उत्सुकतेने हलवून पाहतो. कृती तीच, साहित्य तेच, पण कारण ठाऊक नसलेल्या हातून तिचा निकाल खोटा येतो.

याच ठिकाणी आम्हांस आमची स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी शरीररचना व शरीरक्रिया या विषयात आम्ही अनुत्तीर्ण झालो. अभ्यास केला नव्हता असे नाही. बाजारी मार्गदर्शिका अथपासून इतिपर्यंत पाठ होती, हृदयाची आकृती डोळे मिटून काढता येत होती. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी आमच्याच आकृतीवर बोट ठेवून विचारले, “डाव्या जवनिकेची भिंत उजवीहून जाड का?” आम्ही गप्प. उजवी बाजू रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलते, डावीस ते डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत लोटावे लागते. ज्यास काम अधिक त्याचा स्नायू जाड. मोट ओढणाऱ्या बैलाचा खांदा ज्याने पाहिला आहे त्यास हे सुचावयास हवे होते. परंतु ‘का’ हा प्रश्न आम्ही पुस्तकास कधी विचारलाच नव्हता.

पुन्हा बसताना आम्ही रीत बदलली. प्रत्येक परिच्छेद वाचून झाल्यावर पुस्तक मिटावयाचे व शेजारच्या मैत्रिणीस तो मराठीत समजावून सांगावयाचा. तिला समजला तर आपल्यास समजला. मग तोच इंग्रजीत चार ओळींत लिहावयाचा, कारण उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावी लागते. खेड्यातून आलेल्या मुली इंग्रजीस भितात व म्हणून पाठांतराकडे वळतात, हेच अपयशाचे खरे मूळ आहे. विषय मायबोलीत कळल्यावर इंग्रजीचे वाक्य साधे, तुटक असले तरी परीक्षक गुण देतो. न कळता लिहिलेल्या सुंदर वाक्यास तोंडी परीक्षेत कोणी वाचवीत नाही.

प्रगत परीक्षांत तर पाठांतराचा काही उपयोगच होत नाही. तेथे प्रश्न कसा असतो त्याचा एक नमुना देतो. आठव्या महिन्यातील गरोदर स्त्री, रक्तदाब १७०/११०, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी. तपासता तपासता तिला झटके सुरू होतात. तुम्ही प्रथम काय कराल? रक्तदाबाचे औषध द्याल, मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन द्याल, रुग्णवाहिका बोलवाल, की तिला कुशीवर वळवून श्वासमार्ग मोकळा कराल? चारही गोष्टी बरोबर आहेत, सर्व कराव्याच लागतात. पण प्रश्न ‘प्रथम’ काय असा आहे. साहाय्यासाठी हाक मारीत मारीत तिला कुशीवर वळविणे हे उत्तर, कारण श्वास अडला तर पुढील तिन्ही उपाय व्यर्थ. मग मॅग्नेशियम सल्फेट: रुग्णालय दूर असेल तर पुढे धाडण्यापूर्वी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, खोल स्नायूंत. पुढील मात्रेपूर्वी तीन गोष्टी पाहावयाच्या: गुडघ्याचा झटका येतो की नाही, श्वास मिनिटास सोळाहून कमी तर नाही ना, लघवी पुरेशी होते की नाही. हे औषध जास्त झाले तर श्वासच मंदावतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ भरून ठेवावयाचे. या एका प्रश्नात निदान, क्रम, मात्रा व मात्रेचा धोका ही चारही अंगे आली. असे शंभर प्रसंग मनाशी सोडवून ठेवणे ही या परीक्षेची खरी तयारी होय.

परदेशी जाऊ पाहणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. अमेरिकेत काम करावयाचे तर आधी तेथील सर्वसाधारण परिचारिकेची परवाना-परीक्षा द्यावी लागते. ती संगणकावर होते व भारतातही देता येते. तीत किमान ८५ व जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात, व वेळ पाच तासांचा. तुम्ही बरोबर उत्तर दिले की पुढचा प्रश्न अधिक कठीण येतो, तेव्हा प्रश्न अवघड होत चालले म्हणून घाबरावयाचे नसते, ते सुचिन्ह होय. त्यानंतर तेथे पदव्युत्तर शिक्षण घेऊन कुटुंब-शुश्रूषेच्या नर्स प्रॅक्टिशनरची प्रमाणपत्र-परीक्षा असते. ती दोन निरनिराळ्या संस्था घेतात. एकीत १५० प्रश्न व तीन तास, दुसरीत १७५ प्रश्न व साडेतीन तास. दोहींतही काही प्रश्न केवळ चाचणीसाठी घातलेले असतात, त्यांचे गुण धरीत नाहीत. पण ते कोणते हे परीक्षार्थीस कळत नाही, म्हणून प्रत्येक प्रश्न मन लावूनच सोडवावा लागतो.

आता त्या गृहस्थांच्या साठ हजारांकडे येऊ. “परीक्षेचं मीच बघतो” असे म्हणणारा माणूस काय बघणार होता? बी.एस्सी.च्या लेखी परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात, जीएनएमच्या राज्याच्या मंडळाच्या. बी.एस्सी.स लेखी व प्रात्यक्षिक या दोहोंत निरनिराळे ५० टक्के गुण लागतात. परीक्षेस बसण्यास ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हाती पडण्यापूर्वी रुग्णालयातील ठरलेले काम शंभर टक्के पुरे व्हावे लागते. प्रात्यक्षिकास बाहेरचा परीक्षक असतो. यांत दलालाचा हात कोठे पोहोचतो असे वाटत असेल तर तो भ्रम आहे. आणि चुकून पोहोचलाच, तर ज्या मुलीस मात्रा काढता येत नाही तिच्या हाती आपले मूल कोणता बाप देईल?

याहून मोठा धोका मान्यता नसलेल्या संस्थेचा. एका भाड्याच्या माडीवर चार खाटा व एक हाडांचा सापळा मांडून ‘नर्सिंग कॉलेज’ अशी पाटी लावणारे लोक आहेत. तेथील प्रमाणपत्रावर परिषदेत नोंदणी होत नाही. तीन वर्षे गेली, पैसा गेला, आणि मुलगी एखाद्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर, कायद्याने नर्स न म्हणविता, राबते. म्हणून फी भरण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या. संस्थेचे नाव परिचर्या परिषदेच्या मान्य यादीत त्या वर्षासाठी आहे काय? आणि तिला स्वतःचे, किंवा करार केलेले, पुरेशा खाटांचे रुग्णालय आहे काय? रुग्णालयावाचून परिचारिकेची शाळा म्हणजे विहिरीवाचून पोहण्याचा वर्ग.

प्रवेशाची राजमार्गाची वाट म्हणजे राज्याची सामायिक प्रवेशपरीक्षा व तीनंतरची केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया. तिचा पैशाशीही संबंध आहे. सन २०२४ मध्ये राज्य शासनाने ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत आहे अशा मागास, इतर मागास व आर्थिक दुर्बल वर्गांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्णपणे माफ केली. पण ती केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांस. दलालामार्फत व्यवस्थापनाच्या जागेवर बसलेली मुलगी या सवलतीस मुकते. म्हणजे साठ हजार देऊन तो बाप आपल्याच मुलीची फी-माफी विकत घालवीत होता! ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सन २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही मंजूर झाली. ज्यांची मुले अजून शाळेत आहेत त्यांनी तिची चौकशी करावी.

मुलांविषयी दोन शब्द. ही विद्या केवळ मुलींची, हा समज चुकीचा आहे. अतिदक्षता विभागात व शस्त्रक्रियागृहात आज पुष्कळ पुरुष परिचारक आहेत, व ते उत्तम काम करतात. पालकांस रात्रपाळीची व लग्नाची काळजी वाटते, तीही आम्ही जाणतो. तिचे खंडन आम्ही करीत बसत नाही. एखाद्या रविवारी जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन तेथील वडील परिचारिकेशी अर्धा तास बोलावे, एवढेच सुचवितो.

ते गृहस्थ त्या दिवशी पैसे न देताच टोळीबरोबर गेले. अडचण पुढेच होती. मुलगी बरोबर गेली असती तर कोपीवर स्वयंपाक व धाकट्या भावाचा सांभाळ तिने केला असता, तिला मागे ठेवावयाचे तर आईस पहाटे दोनला उठून भाकऱ्या थापून फडावर जावे लागणार होते. आईनेच ते पत्करले. मुलगी गेवराईस मामाकडे राहिली, वर्षभर जीवशास्त्राची पुस्तके पुन्हा वाचली आणि यंदा प्रवेशपरीक्षा देऊन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षास लागली. दिवाळीनंतर तिचे पत्र आले. शरीररचना आवडते, इंग्रजीची भीती वाटते, आणि थेंबांचा हिशेब अजून चुकतो, असे तिने लिहिले आहे. आम्ही तिला सोडविण्यास दहा उदाहरणे पाठविली. आठांची उत्तरे बरोबर आली आहेत. नववे लहान मुलाच्या सलाइनचे आहे, त्यात नळी साठ थेंबांची आहे ही गोष्ट तिच्या नजरेतून सुटली. ते तिच्याकडे परत धाडले आहे.